पुढे सरकलेला गुरुवार

१. पडद्यावरची तारीख

मृत्यूला निमित्त लागते, असे म्हणतात. हेमा खांबेटे यांच्या मृत्यूचे निमित्त संगणकाच्या पडद्यावर, साध्या अक्षरांत, घरातील सर्वांच्या डोळ्यांसमोर लिहिलेले होते; आणि तरीही ते कोणी लिहिले, हे कोणासही ठाऊक नव्हते.

तेराव्याचे जेवण आटोपून नातलग पांगले होते. डोंबिवलीच्या टिळकनगरातील त्या दोन खोल्यांच्या घरात उदबत्तीचा वास अद्याप रेंगाळत होता. हेमाताईंची बालमैत्रीण कादंबरी बेहेरे चप्पल घालण्याच्या बेतात असताना हेमाताईंच्या मुलाने, सौमित्रने, तिला खुणेने खिडकीजवळच्या टेबलाशी नेले.

"मावशी, तू आयुष्यभर विम्याचे क्लेम तपासलेस. हे बघ आणि मला सांग, पोलिसांत दिलं तर केस टिकेल ना?"

पडद्यावर एकच ओळ उजळलेली होती. "करायचे" हा शब्द लाल रंगात, त्यापुढे "हेमाची रक्ततपासणी", आणि त्यापुढे तारीख : तीन ऑक्टोबर, गुरुवार.

"तीन ऑक्टोबर अजून यायचा आहे," कादंबरी म्हणाली.

"तेच तर! पाच सप्टेंबरला व्हायला हवी होती. कोणीतरी तारीख पुढे ढकलली. आणि आई सोळाला गेली."

हकीकत थोडक्यात अशी. हेमाताईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना रोज घ्यावी लागे, आणि ठराविक अंतराने रक्त तपासून त्या गोळीचे प्रमाण ठरवावे लागे. ऑगस्टच्या आठ तारखेला तपासणी झाली. पुढची झालीच नाही. श्रावणातल्या पालेभाज्यांनी म्हणा वा अन्य कारणाने, रक्त घट्ट होत गेले. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांच्या मेंदूत गाठ अडकली. तपासणी वेळेवर झाली असती तर गोळी वाढवता आली असती, एवढेच डॉक्टर बोलले. पण तेवढे पुरेसे होते.

हेमाताईंचे यजमान त्र्यंबकराव एका कारखान्याच्या नियोजन विभागातून निवृत्त झालेले. घरातील प्रत्येक गोष्ट ते संगणकावरील एकाच साध्या फाईलीत टिपून ठेवीत. गॅस, दूध, औषध, वाढदिवस, सर्व काही. त्या घरात पान हलायचे तेदेखील फाईलीला विचारून. दर गुरुवारी हेमाताई ठाण्याला कादंबरीस फोन करीत तोसुद्धा फाईलीने सांगितल्यावर, आणि फोन उचलताच त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे, "आज तुझा दिवस आहे गं!"

जुलैच्या मध्यापासून मात्र तो फोन एक गुरुवार सोडून येऊ लागला होता. कादंबरीने कारण विचारले नाही. मैत्रीचेही वय झाले, असे मनाशी म्हणून तिने ते दुःख गिळले होते.

"कोणी ढकलली असं तुला वाटतं?" तिने विचारले.

"वाटत नाही, माहितीये. नंदाने," सौमित्र दात आवळून म्हणाला. नंदा म्हणजे हेमाताईंना सांभाळायला दिवा गावाहून येणारी बाई. "तिला गौरी-गणपतीला गावी जायचं होतं, चार तारखेपासून. पाचला टेस्ट दिसली असती तर आम्ही सुट्टी दिली नसती. मंगळवारी सकाळी मी कम्प्लेंट देतोय. तिला पाठवणाऱ्या ब्युरोलाही कळवलंय."

कादंबरी हात धुण्यास बेसिनपाशी गेली. आरशाच्या कडेला हेमाच्या मरून रंगाच्या टिकल्या ओळीने चिकटलेल्या होत्या. त्या काढण्याचे धैर्य अद्याप कोणालाही झाले नव्हते. त्या टिकल्यांमधून स्वतःचा चेहरा पाहताना तिला मैत्रिणीचे अखेरच्या फोनवरील एक वाक्य आठवले, आणि का कोण जाणे, ते मनातून जाईना.

हेमा म्हणाली होती, "मी हल्ली ह्यांच्या मागून दिवे मालवत फिरते गं."

२. दिव्याची नंदा

दुसऱ्या दिवशी कादंबरी दिव्याला पोचली तेव्हा नंदाच्या चाळीसमोर टँकर उभा होता आणि बायकांची झुंबड उडाली होती. दोन पिंपे भरेपर्यंत नंदा बोलायला तयार झाली नाही.

"पाणी गेलं की चार दिवस नाय येत. तुमी बसा. पोलीस आनलाय काय बरोबर?"

"मी एकटीच आलेय."

"मग बसा." नंदाने ओले हात पदराला पुसले. कपाळावर तिने कुंकवाची पिंजर लावलेली होती, घामाने किंचित ओघळलेली. ती पन्नाशीच्या आतबाहेर असावी. "सौमित्रदादा काय बोलले ते ठाव हाय मला. ब्युरोच्या मॅडमचा फोन आलेला. बोलल्या, तुझं नाव काढलं. सतरा घरं केली मी, एकानं बोट दावलं नाय."

"नंदा, मला फक्त सांग, रोज सकाळी तू काय करायचीस?"

"नऊला जायची. आजोबा कॉम्प्युटरवर आजची यादी लावून ठेवायचे. मी ती मोठ्यानं वाचायची. आजींना गंमत वाटायची. बोलायच्या, 'आली गं आमची आकाशवाणी.' यादीत टेस्ट असली की मी लॅबवाल्याला फोन लावायची. नसली की नाय लावायची."

"गावाला जाण्याआधी पाच तारखेची टेस्ट तुझ्या लक्षात नव्हती?"

नंदाने पिंपावर झाकण ठेवले. "होती. म्हंजे, महिना होत आलाय असं वाटत होतं. आजोबांना बोलले मी. त्यांनी बघितलं नि बोलले, 'नाही गं, तीन ऑक्टोबरला आहे.' डॉक्टर मधी मधी अंतर वाढवतात, तसं वाढवलं असंल म्हनून मी गप बसले. मी चार बुकांच्या वर नाय शिकले, पन आकडे वाचता येतात मला. तीन ऑक्टोबरच होतं."

"आणि फाईलीत बदल करता येतो तुला?"

"नाय ओ! मी वाचनारी. आजोबा हात लावू द्यायचे नाय. एकदा चुकून काहीतरी दाबलं, तर असे ओरडले..." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आजी मधे पडल्या. बोलल्या, 'ओरडू नका तिच्यावर, चुका काय तीच करते?' मग आजोबा एकदम गप झाले. मला नाय समजलं का ते."

कादंबरीने तिच्या कपाळाकडे पाहिले. मग अगदीच असंबद्ध वाटावा असा प्रश्न तिने विचारला.

"तू टिकली का नाही लावत?"

"गोंदानं पुरळ उठतं मला. लगीन झाल्यापासनं पिंजरच. का ओ?"

"काही नाही. असंच."

निरोप घेताना नंदाने तिचा हात धरला. तो हात पाण्याने गार पडलेला होता.

"बाई, त्या घरात मी आजींची वेणी घालायची. त्यांचा जीव मी घेतला असं लिवून ठेवतील कागदावर. मग मी कुठल्या म्हाताऱ्या मान्साच्या अंगाला हात लावू?"

या प्रश्नाचे उत्तर मंगळवारच्या सकाळपूर्वी शोधावयाचे होते.

३. अधिक आणि टिंब

सोमवारी दुपारी त्र्यंबकरावांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. शोकाकुल मनुष्य आपल्या आवडीच्या विषयावर बोलू लागला की क्षणभर तरी दुःखाच्या बाहेर येतो. म्हणून कादंबरीने फाईलीविषयीच विचारले.

"साधी अक्षरं, ताई. ना चित्र, ना बटण. शंभर वर्षांनीही उघडेल," ते उत्साहाने म्हणाले. "उद्या यमराज आला तरी मी सांगणार, आधी यादीत नोंद करा, मग बोलू."

कादंबरी हसली.

"आता बघा, नोंदी दोन प्रकारच्या. एकदाच करायच्या, आणि परत परत येणाऱ्या. एकदाचं काम झालं की ह्या कळा दाबायच्या : कंट्रोल धरून सी, मग कंट्रोल धरूनच टी. 'करायचे' जाऊन हिरवं 'झाले' येतं. पण परत येणाऱ्या नोंदीचं तसं नाही. तिथे त्याच कळा दाबल्या की तारीख आपोआप पुढच्या वेळेवर जाते आणि शब्द पुन्हा लाल 'करायचे'च राहतो. कारण पुढची वेळ करायचीच असते ना! खाली फक्त एक ओळ येते, 'नोंद पुढे गेली' अशी."

"म्हणजे परत येणारं काम कधीच 'झाले' दिसत नाही?"

"कधीच नाही. त्याचा स्वभाव तो! थांबवायचं असेल तर तारखेपुढचं अधिकचं चिन्ह पुसायचं. मग ते एकदाचं होतं."

"आणि अधिकच्या आधी हे टिंब कशाला?"

"शाब्बास, नजर आहे तुमची. नुसतं अधिक असेल तर यंत्र जुन्या तारखेपासून मोजतं. टिंब असेल तर ज्या दिवशी काम केलं त्या दिवसापासून. पाण्याच्या फिल्टरची कँडल बघा, टिंब आहे. आज धुतली तर आजपासून पंधरा दिवस. रक्ततपासणी मात्र बरोब्बर ठरल्या वारी हवी, म्हणून नुसतं अधिक, चार आठवड्यांचं."

"ह्या फाईलीत तुम्ही कधी चुकलात, त्र्यंबकराव?"

त्यांचा चेहरा झाकोळला. बोटे पडद्याच्या कडेवरून फिरू लागली. "नंदाने सुट्टीआधी विचारलं होतं मला. मी इथेच बसून पाहिलं. तीन ऑक्टोबर. मला शंका आली नाही, ताई. कारण यादी चुकत नाही. माणसं चुकतात." मग, जणू प्रथमच सांगत असल्याप्रमाणे ते म्हणाले, "साधी अक्षरं आहेत. शंभर वर्षांनीही उघडेल. उद्या यमराज आला तरी मी सांगणार, आधी यादीत नोंद करा..."

या वेळी कादंबरीला हसू आले नाही.

तिने त्यांना चहा टाकावयास स्वयंपाकघरात पाठविले आणि ती स्वतः फाईल खाली सरकवीत वाचू लागली. लॅब, गॅस, पाण्याच्या टाकीची सफाई. अचानक तिचे बोट थांबले. "कादंबरीला फोन, दर गुरुवार." अखेरचा फोन बारा सप्टेंबरला आला होता, तरी पुढची तारीख एकोणीस नव्हे, सव्वीस होती. त्याखाली "लग्नाचा वाढदिवस, दरवर्षी." तो तर जुलैच्या अखेरीस होऊन गेला होता. पुढची तारीख येत्या जुलैची असावयास हवी होती. पडद्यावर त्याच्या पुढच्या वर्षाचा जुलै होता.

फिल्टरच्या कँडलची तारीख मात्र बिनचूक होती.

तिने चष्मा काढून पुसला, आणि नजर नकळत कळफलकावर गेली. वापराने त्यावरची अक्षरे पुसट झालेली होती. परंतु तीन कळा वेगळ्या दिसत होत्या. कंट्रोल, सी आणि टी. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एकेक बारीक मरून ठिपका होता.

तिने नखाने एक ठिपका हळूच उचकटला. मागे गोंद होता.

४. न विचारलेले उत्तर

संध्याकाळी सौमित्र आला. ठाण्याहून गाडी हाकीत आल्याने तो वैतागलेला होता. कादंबरी त्याला गॅलरीत घेऊन गेली.

"एक सांग, ह्या घरात तो कीबोर्ड कोणकोण वापरायचं?"

"बाबा. नंदा गुपचूप, आता कळतंय. मी कधीतरी, बाबांना काही अडलं तर. आणि आईचं म्हणशील तर तिला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नव्हतं. ती हातसुद्धा लावायची नाही."

"कोण वापरत नव्हतं, हे मी विचारलंच नव्हतं."

"मी जस्ट सांगितलं."

"हो. नंदाचं नाव तू एका छोट्या वाक्यात घेतलंस. आईसाठी दोन वाक्यं बोललास."

सौमित्र रेलिंगला टेकला.

"मावशी, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"हेमाच्या. म्हणूनच विचारते. तुझ्या बाबांचं विसरणं कधीपासून सुरू आहे?"

"बाबा? विसरत नाहीत ते. त्यांना सगळं पाठ असतं."

"तुझ्याशी बोलताना पाठ असतं. तू रविवारी येतोस, तासभर बसतोस." तिने शांतपणे म्हटले. "नंदाला बोलावून घे. ती येईपर्यंत तूही आठव. काय आठवायचं ते तुला ठाऊक आहे."

५. मालवलेले दिवे

नंदा आली, परंतु आत येईना. उंबऱ्याशीच भिंतीला टेकून उभी राहिली. कादंबरीच्या मनात एक भय होते. ती गप्प राहिली तर या बाईच्या नावावर कायमचा डाग पडणार होता. बोलली तर तो डाग अशा ठिकाणी जाणार होता, जिथे तो पुसावयास कोणी उरलेले नव्हते. तिने त्र्यंबकरावांना आत जाऊन पडण्यास सुचविले.

"मी इथेच बसतो," ते म्हणाले. "माझी फाईल आहे."

"ठीक आहे," कादंबरी म्हणाली. "सौमित्र, तुझं म्हणणं, नंदाने सुट्टीसाठी तपासणी पुढे ढकलली. मग तिने मला येणारा फोन का ढकलला? तुझ्या आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस एका वर्षाने का ढकलला? ज्याला एक चोरी लपवायची तो एकच जागा झाकतो. इथे ठरल्या वारी परत येणारी जी जी नोंद जुलैच्या मध्यापासून पार पडली, ती ती पुढे गेली आहे. आणि कितीने? आठवड्याची एका आठवड्याने, वर्षाची एका वर्षाने, तपासणीची चार आठवड्यांनी. एक पाऊल जास्त. बरोबर एकच."

"मग यंत्रच बिघडलं असेल."

"यंत्र बिघडलं असतं तर फिल्टरची कँडलही चुकली असती. तिला टिंब आहे. टिंबवाली नोंद एका दिवसात दोनदा 'झाले' केली तरी मोजणी त्याच दिवसापासून होते, म्हणून तारीख तीच राहते. नुसत्या अधिकवाली मात्र दोनदा उडी मारते. म्हणजे तारखा कोणी हाताने बदलल्याच नाहीत. झालेल्या कामावर कोणीतरी 'झाले' दोनदा दाबत होतं. एकदा त्र्यंबकरावांनी. नंतर आणखी कोणीतरी."

"मीच दोनदा दाबलं असेल," त्र्यंबकराव एकदम म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला... हल्ली..."

"नाही, त्र्यंबकराव. तुम्ही रोजची यादी उघडता. त्यातून झालेलं काम दिसेनासं होतं. दुसऱ्यांदा दाबायला तिथे काही उरतच नाही. दाबणारी व्यक्ती मूळ फाईल उघडत होती, जिथे परत येणारं काम सदैव लाल असतं. आणि तुमच्या बोटांना खुणांची गरज नाही." तिने कळफलक उचलून मधोमध ठेवला. "ह्या तीन कळांवर टिकल्या आहेत. नंदा टिकली लावू शकत नाही. ह्या टिकल्या बेसिनच्या आरशावर आहेत त्याच आहेत."

नंदाने तोंडावर पदर धरला.

"हेमाला तुमचं विसरणं कळलं होतं," कादंबरी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटू लागला. "गॅस चालू राहणं, नळ वाहता राहणं. ती मागून जाऊन सगळं सावरत होती. मला म्हणाली होती, ह्यांच्या मागून दिवे मालवत फिरते. मला वाटलं, बिलाचं बोलतेय. तिला भीती होती की सौमित्रच्या लक्षात आलं तर हे घर मोडेल आणि तुमच्या हातून ही फाईल जाईल. म्हणून तुम्ही दुपारी झोपलात की ती इथे बसायची. त्या दिवशी जे काम पार पडल्याचं तिला ठाऊक असे, त्याच्यापुढे लाल 'करायचे' दिसे. तिला वाटे, हे 'झाले' करायला विसरले. ती टिकल्यांच्या कळा दाबायची. खाली 'नोंद पुढे गेली' अशी ओळ यायची, आणि ती समाधानाने उठायची. तुम्ही विसरला नव्हतात, त्र्यंबकराव. एकदाही नाही. परत येणारं काम 'झाले' दिसतच नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं."

ती सौमित्रकडे वळली नाही. तशी आवश्यकताही नव्हती.

"मीच दाखवलेलं तिला," सौमित्र म्हणाला. "जुलैच्या मध्यात. म्हणाली, 'झालेल्या गोष्टीवर खूण कशी करायची रे, मला एकदा दाखव.' मी विचारलं, तुला कशाला? तर म्हणे, 'असू दे, शिकावं माणसाने.' खाली गाडी डबल पार्क होती, मागचा हॉर्न मारत होता. मी उभ्या उभ्या तीन कळा दाखवल्या. तिने पाकिटातून टिकल्या काढून चिकटवल्या. मी हसलो तिला." त्याने कळफलकावरची नजर वळवली. "रिपीटचं मला माहीत होतं, मावशी. सांगायला अर्धा मिनिट लागलं असतं. तारीख बघितली तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर त्या टिकल्या आल्या होत्या. पण मग नंदा आठवली. नंदा असणं... सोपं होतं."

मग त्र्यंबकरावांनी हळूच एका टिकलीवर बोट ठेवले.

"मी तिच्यापासून लपवत होतो," ते म्हणाले. "वाटायचं, हिला कळलं तर खचेल. म्हणून तर सगळं लिहून ठेवायचो. आणि ती माझ्या मागून..." त्यांनी बोट टिकलीवरून काढले नाही.

सौमित्र उठून उंबऱ्याशी गेला. हात जोडावे की पाय धरावे, हे त्याला समजत नसावे.

"नंदाताई, मी ब्युरोला आत्ता फोन करतो. तुमच्यासमोर. कम्प्लेंट-बिम्प्लेंट काही नाही. मी जे बोललो ना..."

"फोन करा. स्पीकरवर करा," नंदा म्हणाली. तिच्या स्वरात क्षमा नव्हती, पण विखारही नव्हता. तिने ब्युरोच्या मॅडमचे शेवटचे वाक्य संपेपर्यंत ऐकून घेतले. मग प्रथमच आत येऊन ती त्र्यंबकरावांपाशी उकिडवी बसली.

"आजोबा, जेवलात काय?"

त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला.

"नाय जेवले," तिने स्वतःच उत्तर दिले आणि उठून कुकरचे झाकण शोधू लागली. "उद्या नऊला येते मी. यादी लावून ठेवा."

६. गुरुवार

ऑक्टोबरच्या तीन तारखेला घटस्थापना होती. ठाण्यातील खोपटच्या आपल्या घरी कादंबरी घटाशी समई लावीत असताना फोन वाजला.

"आज तुमचा दिवस आहे, कादंबरीताई," त्र्यंबकराव म्हणाले.

हातातील काडी विझली.

"तुमची नोंद मी दुरुस्त केली. पूर्वीसारखी दर गुरुवारी," ते सांगत होते. "आज यादीत दोन गोष्टी होत्या. नंदाने तुमची वाचली. दुसरी वाचलीच नाही तिने. म्हणाली, चष्मा नीट बसत नाही. मग मी वाचली. हेमाची रक्ततपासणी."

"मग?"

"अधिक पुसलं. मग कळा दाबल्या. हिरवं झालं, ताई. पहिल्यांदाच हिरवं झालं ते." मग, काहीतरी हरवलेले शोधीत असल्यासारख्या स्वरात त्यांनी विचारले, "पण मला एक उमगत नाही. तपासणी पाच सप्टेंबरला हवी होती. ती तारीख पुढे कोणी ढकलली?"

कादंबरीने समईकडे पाहिले. सोमवारची ती संध्याकाळ, त्या टिकल्या, ते बोट, सारे त्यांच्यापासून निसटून गेले होते. टाळता आले असते. यंत्र बिघडले, एवढे म्हटले असते तरी त्यांनी मानले असते. परंतु मग पुन्हा कधीतरी, कोणाच्या तरी मनात, संशय नंदापाशी जाऊन थांबला असता. आणि हेमाने कोणासाठी काय केले, हे जगात एकाही माणसास ठाऊक उरले नसते.

"हेमाने," ती म्हणाली. "तुम्ही विसरलात असं तिला वाटलं. तुमच्यासाठी दाबलं तिने."

ते ऐकताना त्यांचा श्वास अडखळला. प्रथमच ऐकणाऱ्या माणसाचा अडखळतो तसाच.

"असं होय," ते म्हणाले. "मला बोलली नाही कधी."

त्यानंतर दर गुरुवारी हा फोन येतो. दर गुरुवारी तोच प्रश्न येतो, आणि कादंबरी तेच उत्तर देते. पहिल्या काही वेळा तिने शब्द बदलून पाहिले; आता बदलत नाही. कधी त्यांच्या मागे कुकरची शिटी ऐकू येते, कधी नंदाचा आवाज, "आजोबा, आधी दोन घास खाऊन घ्या, मग बोला."

उत्तर ऐकून ते "असं होय" म्हणतात, पुढच्या गुरुवारी फोन करीन असे सांगतात. फोन ठेवण्यापूर्वी तिला पलीकडून कळा दाबल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. ती कान देऊन थांबते.

तो आवाज एकदाच येतो. दुसऱ्यांदा येत नाही.